आशा आणि आश्वासन



वसंत व्याख्यानमालेची प्रथा न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात सुरू केली आणि तिचे लोण पुढे आपल्या गावांपर्यंत आले. या आसनावर आजवर पंडित बसले, प्राध्यापक बसले. यंदा चालकांनी कामगार संघटनेच्या एका कार्यकर्त्याला येथे उभे केले, हे त्यांचे धाडस होय. आमचे शाळेतील शिक्षण नवव्या इयत्तेत थांबले. त्यापुढचे गेटसभांत झाले, युनियनच्या कचेरीत झाले आणि रात्री सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. त्यामुळे आमच्या बोलण्यात शास्त्रार्थ कमी आणि अनुभव अधिक असेल. तो आपण गोड मानून घ्यावा.

विषय ऐकून काहींच्या भुवया वर गेल्या असतील. ‘निराश माणसाला आशा आणि ख्रिस्ती श्रद्धा’ हा विषय पाद्रीसाहेबांचा, युनियनवाल्याने तो का घ्यावा? आम्ही ख्रिस्ती नाही. आमचे घर माळकरी. परंतु तीस वर्षे आमचे काम निराश माणसांत आहे. टाळेबंदीच्या सहाव्या महिन्यातला कामगार, मार्केट यार्डात पाठ मोडलेला हमाल, उचल फिटत नाही म्हणून दरसाल कोयता उचलणारे ऊसतोडीचे जोडपे, ही आमची रोजची संगत. या माणसांपुढे उभे राहून काय बोलावे, हा प्रश्न आम्हांला पोटापाण्याच्या प्रश्नाइतकाच खरा आहे. त्याचे उत्तर शोधताना आमच्याच दोन जिल्ह्यांत ख्रिस्ती माणसांनी काय केले, हे आम्ही पाहिले. तेच आज सांगावयाचे आहे.

प्रथम शब्दाचा उलगडा करू. आपल्या संतांच्या भाषेत ‘आशा’ हा शब्द फारसा चांगला नाही. आशा म्हणजे हाव, आशा म्हणजे पाश. ती सुटली की माणूस मोकळा, अशी शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. एका सुभाषितकाराने तर आशेला नवलाची साखळी म्हटले आहे. तिने जखडलेला माणूस धावत सुटतो आणि जो तिच्यातून सुटला तो पांगळ्यासारखा जागीच बसतो. सुभाषितकाराच्या मनात वैराग्य असेल. आमच्या डोळ्यांपुढे मात्र खरेच जागीच बसलेले लोक उभे राहतात. माणदेशात पाऊस हुकल्यावर पारावर बसलेला शेतकरी, तासगावकडे अवकाळीने घड कुजल्यावर बागेच्या बांधावर बसलेला बागायतदार, २०१९ च्या ऑगस्टात कृष्णामाईचे पाणी सांगलीच्या घराघरांतून ओसरल्यावर चिखलात बसून राहिलेली म्हातारी. ही माणसे विरक्त झालेली नसतात, खचलेली असतात. त्यांची हाव सुटलेली नसते, उद्याचा दिवस सुटलेला असतो.

ख्रिस्ती धर्मात मात्र श्रद्धा, आशा आणि प्रीती या तिघी बहिणी मानल्या आहेत. तेथे आशा हा सद्गुण आहे. आशा बाळगणे हे माणसाचे कर्तव्य आहे. हा फरक लहान नाही. निराश माणसाला आपण ‘प्रारब्ध’ म्हणून गप्प करतो, किंवा ‘होईल सगळे ठीक’ म्हणून बोळवतो. पहिल्यात आशा नाही आणि दुसऱ्यात नुसते आश्वासन आहे. आश्वासन आणि आशा यांतला फरक कामगाराइतका कोणाला ठाऊक? आश्वासन मंत्री देतो, मालक देतो, व्यवस्थापक देतो. आश्वासन देणारा ते देऊन मोटारीत बसतो आणि निघून जातो. आशा देणाऱ्याला मात्र थांबावे लागते. आजच्या भाषणाचे सार एवढेच आहे. पुढे आहे ती त्याची साक्ष.

या श्रद्धेच्या गाभ्यात काय आहे, ते आधी पाहू. लूककृत शुभवर्तमानाच्या शेवटी एक कथा आहे. येशूला क्रूसावर देऊन तीन दिवस झाले आहेत. त्याचे दोन अनुयायी यरुशलेम सोडून अम्माऊस नावाच्या खेड्याकडे चालले आहेत. ज्याच्यावर सगळी मदार ठेवली तोच गेला. वाटेत एक अनोळखी वाटसरू त्यांना गाठतो. तो आधी उपदेश करीत नाही. ‘कशाबद्दल बोलताय?’ म्हणून विचारतो, आणि त्या दोघांचे दुःख पुरते ऐकून घेतो. मग शास्त्रातले दाखले देतो. संध्याकाळ होते, ते त्याला आग्रहाने मुक्कामाला ठेवून घेतात, तो भाकरी मोडून त्यांच्या हातात देतो, आणि त्या क्षणी त्यांना ओळख पटते की हा तोच. विचारणे, ऐकणे, बरोबर चालणे, भाकरी मोडणे, असा हा क्रम आहे. शास्त्रार्थ आहे, पण तो मधे आहे, आणि ओळख पटली ती भाकरीपाशी. शिवाय ज्याने हे केले तो सुतार होता, त्याने कुष्ठरोग्याला हात लावला होता, मित्राच्या थडग्यापाशी तो रडला होता, आणि मरताना देवानेही आपल्याला टाकले असे त्याला वाटले होते. निराशेच्या तळाशी देव स्वतः जाऊन आला आहे, म्हणून तेथे पडलेला माणूस एकटा नाही, असे ही श्रद्धा म्हणते. हे मानावे की न मानावे हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण ते मानणाऱ्यांनी काय केले, ते पाहता येते.

आता मिरजेला चला. विल्यम वानलेस नावाचा कॅनडात जन्मलेला तरुण डॉक्टर १८८९ साली अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे हिंदुस्थानात आला. प्रथम सांगलीस राहिला आणि नंतर मिरजेस गेला. मिरज संस्थानच्या अधिपतींनी जागा दिली, परदेशातील देणगीदारांनी पैसे पाठविले, आणि १८९४ साली मिरजेचे रुग्णालय उघडले. १८९७ पासून तेथे डॉक्टरकी शिकविणारी शाळा सुरू झाली. मिरज हे रेल्वेचे जंक्शन, त्यामुळे कर्नाटकातून, कोकणातून, देशावरून रोगी येऊ लागले. १९२८ साली वानलेस निवृत्त होऊन परत गेले, त्याच साली सरकारने त्यांना ‘सर’ केले, आणि १९३३ साली ते वारले. जवळजवळ चाळीस वर्षे एक माणूस एका गावात थांबला. थांबणे म्हणतो ते हे.

शस्त्रक्रियेने बरा होणारा रोगी हा निराश नसतो, घाबरलेला असतो. निराश तो, ज्याच्यावर त्या काळी औषध नव्हते. असे दोन रोग होते, महारोग आणि क्षय. महारोग्याला आधी घर टाकी, मग भावकी टाकी, मग गाव वेशीबाहेर काढी. त्याचा स्पर्श नको, सावली नको, त्याने हाताळलेले नाणे नको. खरे औषध डॅप्सोनच्या रूपाने १९४० नंतरच्या काळात आले, आणि अनेक औषधे एकत्र देण्याची आजची पद्धत १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने सांगितली. त्याआधी मिरजेच्या मिशनने महारोग्यांसाठी वसतिस्थान काढले. पुढे रिचर्डसन कुष्ठरुग्णालय म्हणून ते ओळखले गेले. औषध नसताना तेथे काय देत असतील? जखमा धुऊन पट्ट्या बांधीत, जेवायला घालीत, राहायला खोली देत, आणि नावाने हाक मारीत. ज्याला वर्षानुवर्षे कोणी शिवले नव्हते, त्याच्या पायाला दुसऱ्या माणसाचा हात लागे. रोग तोच राहिला तरी माणूस तोच राहत नसे.

क्षयाचेही तसेच. स्ट्रेप्टोमायसीन १९४३ साली सापडले. त्याआधी मोकळी हवा, विश्रांती आणि सकस अन्न एवढाच उपाय. सांगली आणि मिरज यांच्या मधल्या माळावर मिशनने क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम बांधले आणि भोवतालच्या वस्तीला वानलेसवाडी हे नाव पडले. आज आपण त्या रस्त्याने बसमधून जातो आणि वाहक ‘वानलेसवाडी’ ओरडतो, तेव्हा ते एका डॉक्टरचे नाव आहे याची आठवण कोणाला होत नाही. वाईलाही असेच मिशनचे हॉस्पिटल उभे राहिले. सांगलीच्या मिशनशाळेत मुलांना पुस्तकाबरोबर हातकाम आणि शेतीही शिकविली. हे शेवटचे आम्हांला विशेष महत्त्वाचे वाटते. निराश माणसाला भाकरी द्यावी हे खरे. पण त्याच्या हातांना काम दिले तर त्याची मान वर होते.

आता या आपल्या साताऱ्याकडे येऊ. १९१७ साली रेव्हरंड नारायण वामन टिळक नगरच्या मिशनची नोकरी सोडून साताऱ्यास येऊन राहिले. त्यांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, तेव्हा घर दुभंगले. पत्नी लक्ष्मीबाई सुमारे पाच वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या. त्या काळातले हाल, एकटेपण, लोकांचे बोल त्यांनी पुढे ‘स्मृतिचित्रे’त लिहिले आहेत, आणि तेही असे की वाचताना हसू येते व हसता हसता डोळे भरतात. शाळेचे तोंड न पाहिलेल्या त्या बाईचे पुस्तक मराठीत अजोड ठरले. आमच्यासारख्या शिक्षण अर्ध्यावर सुटलेल्यांना त्या पुस्तकानेच धीर दिला, हे येथे सांगितले पाहिजे.

टिळकांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ स्थापिला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात चालत. परदेशी साच्याचा धर्म या मातीत रुजणार नाही, अशी त्यांची खात्री होती. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते सांगत. त्यांनी ख्रिस्ताला अभंगात आणले, कीर्तनात आणले. आमच्या मते याचा अर्थ मोठा आहे. ज्या भाषेत माणूस रडतो त्याच भाषेत त्याला आशा सांगावी लागते. उसन्या भाषेतली आशा म्हणजे परक्या मापाचा सदरा, अंगावर चढतो पण बसत नाही. १९१९ च्या मे महिन्यात टिळक मुंबईस वारले. दरबाराला त्यांचा सहवास दोनच वर्षे लाभला. पण त्यांची भजने मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत अजून म्हटली जातात, आणि अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुरे केले.

येथे कोणी म्हणेल, हे सर्व ख्रिस्ती माणसांनीच केले काय? मुळीच नाही. १८९७ च्या प्लेगची आठवण करा. याच सातारा जिल्ह्यातील नायगावची लेक सावित्रीबाई फुले पुण्याजवळ प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता त्या वर्षीच्या १० मार्चला गेल्या. गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून देणारे नारायण मेघाजी लोखंडे त्याच साली, एक महिना आधी, मुंबईत प्लेगच्याच सेवेत गेले. दोघेही सत्यशोधक. आमच्या संघटनेचा तर तो मूळपुरुष. मिरजेच्या खाटेपाशी बसलेली ख्रिस्ती परिचारिका आणि पुण्याच्या माळावर रोगी मूल उचलणारी सावित्रीबाई, यांच्या श्रद्धा वेगळ्या असतील, पण पाऊल एकाच दिशेला पडले. सगळे पळत होते तिकडे न पळता ती दोघी रोग्याकडे चालत गेली.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. भुकेल्याला भाकरी देताना त्याचा धर्म विकत घेतला, असे मिशनऱ्यांविषयी म्हटले जाते. जेथे भाकरीला अट लावली तेथे तो आक्षेप खरा आहे. अटीवर दिलेली भाकरी हा व्यवहार झाला. त्यात देणाऱ्याचे पुण्य नाही आणि घेणाऱ्याची अब्रू नाही. कोणत्याही धर्माच्या, कोणत्याही पक्षाच्या आणि कोणत्याही युनियनच्या माणसाने हे लक्षात ठेवावे. परंतु मिरजेच्या दारातून आलेल्या हजारो रोग्यांपैकी बहुतेक ज्या धर्माचे आले त्याच धर्माचे बरे होऊन घरी गेले, हेही तितकेच खरे आहे.

तिसरा आक्षेप आमच्याच गोटातला. धर्म ही जनतेची अफू, हे मार्क्सचे म्हणणे आमच्या प्रत्येक अभ्यासवर्गात सांगितले जाते. पण १८४४ साली ते लिहिले गेले तेव्हा अफू हे वेदनेवरचे घरोघरचे औषध होते, आणि त्याच ठिकाणी मार्क्सने धर्माला पिचलेल्या माणसाचा उसासाही म्हटले आहे, हे सांगायचे राहून जाते. वेदना शमवून माणसाला झोपवणारी श्रद्धा असते. तशी उठवणारी श्रद्धाही असते. इंग्लंडातील डॉर्सेट परगण्यात टोलपडल नावाचे खेडे आहे. १८३४ साली तेथील सहा शेतमजुरांना, मजुरी घटू नये म्हणून संघटना केली आणि शपथ घेतली एवढ्यासाठी, सात वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा होऊन ऑस्ट्रेलियाला धाडले. त्यांचा म्होरक्या जॉर्ज लव्हलेस हा मेथडिस्ट पंथाचा गावठी प्रवचनकार होता. रविवारी प्रवचन करणाऱ्याने सोमवारी संघटना बांधली. देशभर चळवळ उसळली आणि १८३६ साली त्यांना माफी द्यावी लागली. कामगार चळवळीच्या पायाच्या दगडांत बायबल वाचणारे हात आहेत, हे आम्ही कृतज्ञतेने मान्य करतो.

एक घरचा दाखला देतो. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले, आणि त्यांतले कितीतरी या सातारा-सांगलीचे आणि कोकणाचे. आमचे वडील एका गिरणीच्या साळखात्यात साचे चालवीत. वर्ष उलटल्यावर ते वळकटी घेऊन गावी परत आले. कोरडवाहू तीन बिघे जमीन, चार तोंडे खाणारी. हळूहळू त्यांचे बोलणे थांबले. भिंतीकडे तोंड करून निजून राहत. नातेवाईक येत, ‘गिरणी सुरू होईल’ म्हणत, चहा घेऊन जात.

त्या वेळी आमच्या आईला क्षयाची गोळी चालू होती, आणि ती देण्यासाठी जवळच्या दवाखान्यातील एक परिचारिका आठवड्याने येई. बाई ख्रिस्ती होत्या. त्या वडिलांच्या उशाशी बसत. बोलले तर ऐकत, न बोलले तरी बसत. गिरणी सुरू होईल असे त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. निघताना विचारीत, ‘दादा, प्रार्थना करू का?’ वडील मान हलवीत, आणि त्या दोन वाक्ये म्हणून उठत. मुंबईच्या गाळ्यात वडील साऱ्या मंडळींची पत्रे लिहून देत, हे त्यांना एके दिवशी आईकडून कळले. पुढच्या आठवड्यात त्या कार्डांचा गठ्ठा घेऊन आल्या. ‘दवाखान्यातल्या रोग्यांना घरी खुशाली कळवायची आहे, लिहिणारे कोणी नाही,’ म्हणाल्या. वडील दोन दिवस त्या गठ्ठ्याकडे पाहत राहिले आणि तिसऱ्या दिवशी चालत दवाखान्यात गेले. गिरणी पुन्हा सुरू झाली नाही, कर्ज लगेच फिटले नाही. पण वडील पुन्हा बोलू लागले. त्यांनी माळ शेवटपर्यंत उतरली नाही, आणि त्या बाईंनीही कधी ती उतरा म्हटले नाही. बाईंच्या त्या दोन वाक्यांत काय होते, हे आम्ही पुढे वडिलांना विचारले. ते म्हणाले, “शब्द आठवत नाहीत. पण माझ्यासाठी कोणीतरी वर अर्ज करतंय, एवढं कळायचं.”

अशाच गोष्टीचे मोठे रूप लंडनमध्ये दिसते. चॅड वाराह हे तेथील एक धर्मगुरू. उमेदीच्या काळात त्यांनी एका चौदा वर्षांच्या मुलीचा अंत्यविधी केला होता. ऋतुप्राप्ती म्हणजे भयंकर रोग असे समजून, कोणाला विचारायची सोय नसल्याने, तिने जीव दिला होता. १९५३ च्या नोव्हेंबरात वाराह यांनी आपल्या चर्चमध्ये जीव देऊ पाहणाऱ्यांसाठी दूरध्वनी सुरू केला. लोक येऊ लागले, रांग लागली. रांगेतल्यांना चहा द्यायला काही साधी माणसे बसवली. थोड्याच दिवसांत वाराह यांच्या ध्यानात आले की, चहा देणाऱ्यांजवळ मन मोकळे करूनच पुष्कळ जण शांत होऊन परत जातात. आपल्या सल्ल्याची त्यांना गरजच उरत नाही. पुढच्याच फेब्रुवारीत त्यांनी काम त्या स्वयंसेवकांच्या हाती सोपविले आणि तेथे कोणी धर्मोपदेश करावयाचा नाही असा नियम ठेवला. ‘समॅरिटन्स’ ही संस्था ती. धर्मगुरूने श्रद्धेपोटी काम उभे केले आणि श्रद्धेपोटीच आपली जीभ आवरली. अम्माऊसच्या वाटेवर तरी दुसरे काय घडले होते?

आता आपल्यापुरते बोलू. आपल्या गल्लीत, आपल्या वाडीत असा जागीच बसलेला माणूस आहेच. त्याने जेवण सोडले आहे, व्यवहार आवरते घेतले आहेत, निरोपासारखे बोलतो आहे, असे दिसले तर ‘नाटक करतो’ म्हणू नका. त्याच्यापाशी जा, सरळ विचारा, आणि त्याला डॉक्टरकडे न्या. निराशा हा पुष्कळदा आजारही असतो आणि त्याला औषध आहे. २०२२ पासून सरकारने १४४१६ हा फुकट दूरध्वनी ठेवला आहे. त्यावर मराठीतही बोलता येते. पण दूरध्वनी करायला त्याचा हात उठत नसेल, तर तो करून देणारा दुसरा हात लागतो. तो आपला असावा.

आणि एक सांगतो. सावकाराचे व्याज, हमीभावाची फसवणूक, बंद पडलेला कारखाना, थकलेला पगार, यांवर प्रार्थना हा उपाय नव्हे. त्यासाठी लढावेच लागते. परंतु लढणारा माणूस आधी उठून उभा राहावा लागतो. वानलेस यांच्या मिरजेने, टिळकांच्या साताऱ्याने आणि एका अनाम परिचारिकेने माणसाला उठवण्याचे ते पहिले काम केले. श्रद्धा ज्याची त्याने आपापली ठेवावी. थांबण्याचे व्रत मात्र सर्वांनी घेण्यासारखे आहे. आश्वासने या जिल्ह्यांना पुष्कळ मिळाली आहेत. थांबणारी माणसे कमी पडतात.